ग्रंथालयाचा चार्ज मिळालाय? आधी कपाटाचं कुलूप काढू या

जिल्हा परिषदेच्या शाळेत ग्रंथालयाचा चार्ज बहुधा सगळ्यात नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. पोषण आहार कुणाकडे, शिष्यवृत्ती कुणाकडे हे आधीच ठरलेलं असतं; उरतं ते पुस्तकांचं कपाट. किल्लीबरोबर एक सल्लाही मिळतो : "मोजून घ्या हो, हरवली तर तुमच्यावर येईल." कपाटं वर्षानुवर्षं बंद का राहतात, ते या एका वाक्यात आलं. शिक्षकांना पुस्तकांचं वावडं नसतं, वसुलीची धास्ती असते. म्हणून मी वाचनाची महती सांगत बसत नाही, थेट कागदांपासून सुरुवात करते. कागद नीट असले की कुलूप काढायची हिंमत येते, आणि पुढचं निम्मं काम मुलंच करतात.

खाली जे लिहिलंय ते पहिली ते पाचवी, दोन-तीन शिक्षक, पन्नास-साठ मुलं एवढ्या शाळेपुरतं आहे. वेगळी खोली नाही, ग्रंथपाल नाही, हे धरूनच चाललेय.

चार्ज घेताना

पुस्तकं न मोजता सही करू नका. आधीच्या शिक्षकांना सोबत बसवा आणि साठा नोंदवहीतला एकेक दाखल क्रमांक (पुस्तक शाळेत येतं तेव्हा त्याला दिलेला नंबर) पुस्तकाशी पडताळून घ्या. सापडत नाही ते लाल पेनाने टिपा, दोघांच्या सह्या घ्या, मुख्याध्यापकांची सही घ्या. बदली होऊन गेलेल्या माणसाला फोन करून "ते कोश कुठे आहेत हो?" विचारणं फार अवघड जातं.

नोंदवही नसेल किंवा वाळवीने खाल्ली असेल तर नवी करा. रकाने एवढे पुरतात : दाखल क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कुठून आलं (अनुदान, देणगी, वरून आलेला संच), आणि शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा, पुढे फाटलं-हरवलं सगळं त्यातच जाणार आहे. दाखल क्रमांक शीर्षकाच्या पानावर लिहा आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही, म्हणजे पहिलं पान गळून पडलं तरी पुस्तक ओळखू येतं. शिक्का मारताना मात्र डोळे उघडे ठेवा. हत्तीच्या ऐन तोंडावर शाळेचा जांभळा गोल शिक्का मारलेली चित्रपुस्तकं मी पाहिली आहेत.

आता धास्तीबद्दल. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमावलीत नियम २१५ आहे. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं रास्त समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, असं त्यात म्हटलंय. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेला तो थेट लागू नाही. तरी वापरातली पुस्तकं थोडी हरवणारच, हे सरकारलाही मान्य आहे एवढं त्यातून कळतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हे सांगा आणि ठराव करून घ्या : पुस्तकं मुलांना घरी दिली जातील, वापरात फाटलेली-हरवलेली पुस्तकं दरवर्षी समितीपुढे ठेवून नोंदवली जातील. ठराव इतिवृत्तात आला की निम्मी चिंता मिटते. मुख्याध्यापक तरीही कुरकुरले तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची दाखवा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत, असं तिथे लिहिलंय.

छाटणी

कपाट उघडल्यावर बहुधा काय निघतं? जुनी पाठ्यपुस्तकं, प्रशिक्षणांची मॉड्यूलं, कुठल्याशा अभियानाच्या पुस्तिका, मोठ्यांसाठीची तीनशे पानी चरित्रं आणि त्यांच्याखाली दडपलेली पंचवीस-तीस खरी बालपुस्तकं. या गर्दीत मुलाला त्याचं पुस्तक सापडत नाही. सगळं खाली काढा आणि तीन ढीग करा. मुलांचं, शिक्षकांचं, कुणाचंच नाही. तिसरा ढीग लगेच रद्दीत घालू नका, ते अंगाशी येईल. यादी करा, समितीचा ठराव घ्या, निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तकं नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवा. तुमच्या तालुक्यात तो कसा जातो ते केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारा. मंजुरी येईपर्यंत ढीग खोक्यात बांधून माळ्यावर ठेवा. दोनशेतून साठच पुस्तकं उरली तर जीव हळहळतो, पण त्या साठांत मुलं हात घालतात.

नवी पुस्तकं आणायची कुठून

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांची तरतूद आहे. काही वर्षी ते वेळेवर येतात, काही वर्षी पुस्तकांचे संचच येऊन पडतात. रक्कम हातात आली तर एकाच दुकानातून 'संस्कार कथा' छापाचा गठ्ठा उचलू नका. त्या गठ्ठ्यात कागद पिवळा, चित्रं कशीबशी, आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य. मुलं ती एकदा चाळतात आणि ठेवून देतात.

मी काय बघते ते सांगते. पहिली-दुसरीसाठी एका पानावर दोन-तीन ओळी, मोठा ठसा, आणि ओळीत नसलेलं काहीतरी सांगणारं चित्र. तिसरीच्या पुढे छोट्या गोष्टी, विनोद, कविता आणि माहितीची पुस्तकं. माहितीच्या पुस्तकांना आपण फार कमी लेखतो. गोष्टीकडे ढुंकूनही न बघणारी मुलं साप, ट्रॅक्टर, विहीर, किडे यांवरच्या पुस्तकाला चिकटून बसतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तकं स्वस्तात मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं देखणी असतात, चेन्नईच्या तूलिकाची मराठीतही येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत भरपूर गोष्टी आहेत. त्यांचा परवाना मुक्त आहे, उतरवून छापून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट काढून मध्ये शिवलं की झालं पुस्तक. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शाळेत टीव्ही किंवा टॅब असेल तर त्यातली एखादी जुनी कविता पडद्यावर लावून सगळ्यांनी मिळून वाचता येते.

देणग्या जरा जपून. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पुस्तक द्या म्हटलं की पालक देतात, पण सोबत नावांची छोटी यादी द्या. नाहीतर एकाच पुस्तकाच्या सात प्रती येतात. शहरातून कुणी "आमच्याकडची जुनी पुस्तकं पाठवतो" म्हणालं तर आधी फोटो मागवा. दहावीची गाइडं ठेवायला आपल्याकडे जागा नाही.

पैसे नसले तरी एक जुना मार्ग आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९१० नंतर लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं गावोगाव जात. आपल्या केंद्रातल्या चार-पाच शाळांनी तीस-तीस पुस्तकांची पत्र्याची पेटी केली आणि केंद्र संमेलनाच्या दिवशी ती अदलाबदल केली, तर प्रत्येक शाळेला दर वेळी तीस नवी पुस्तकं मिळतात. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा, तीच पावती.

मांडणी

कपाटात उभी लावलेली पातळ पुस्तकं म्हणजे नुसत्या पांढऱ्या कडा. पाच वर्षांच्या मुलाला त्यातून काय कळणार? पुस्तकाचं तोंड मुलाकडे हवं. भिंतीत दोन खिळे, त्यांच्यात नायलॉनची दोरी, दोरीवर मधोमध उघडून टांगलेली पुस्तकं, एवढ्यात काम होतं. जाडसर पुस्तकांना दोरी झेपत नाही, त्यांना खिडकीखाली पाट किंवा पोषण आहाराच्या तेलाची रिकामी खोकी चालतात. उंची मुलाच्या छातीएवढी. शिक्षकाला वाकावं लागलं तर मांडणी बरोबर आहे असं समजा.

मोठ्या ग्रंथालयांतली, विषयांना आकडे देणारी वर्गीकरणाची दशांश पद्धत इथे विसरून जा. मागच्या मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत कागदाची पट्टी लावा : नुसती चित्रं किंवा एक-दोन ओळींची पुस्तकं हिरवी, छोट्या वाक्यांची पिवळी, लांब गोष्टींची निळी, माहितीची लाल. रंग पुस्तक जागेवर ठेवण्यासाठी आहेत. "तू अजून हिरवंच घ्यायचं" असं मुलाला म्हणायला ते नाहीत. चौथीतल्या मुलाने हिरवं घेतलं तरी घेऊ द्या, पहिलीतल्या मुलीने विमानाच्या चित्रासाठी निळं घरी नेलं तरी नेऊ द्या.

देवघेव मुलांच्या हातात

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. पानावर नाव, पहिलीच्या मुलांसाठी नावाशेजारी एखादं चित्र : कुणाचा मासा, कुणाची छत्री. तीन रकाने : पुस्तकाचा क्रमांक, नेलं ती तारीख, आणलं ती तारीख. बास. पुस्तकाचं नाव लिहायला लावलं की रांग लांबते, आणि रांग लांबली की बाईंचा पारा चढतो.

वही सांभाळायला दोन बालग्रंथपाल नेमा, दर पंधरवड्याला बदला. ही जबाबदारी हुशार मुलांना बक्षीस म्हणून देऊ नका. वाचनात मागे पडलेल्या मुलाला पहिल्यांदा द्या. पुस्तकं जागेवर लावताना, क्रमांक शोधताना तो दिवसाला तीसेक मुखपृष्ठं बघतो, नावं जुळवतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी "बाई, हे बेडकाचं कुणी आणलंच नाही" असं स्वतःहून सांगायला येतो.

वेळ पक्की हवी. आठवड्यातून एक तासिका वेळापत्रकात लिहून टाका, शनिवार सकाळ सोयीची पडते. पण खरी गंमत जेवणाच्या सुट्टीनंतरच्या दहा मिनिटांत आहे. मुलं पुढे-मागे जेवून उठतात, लवकर उठलेली दोरीपाशी जाऊ देत. तिथे एक बादली आणि फडका ठेवा. खिचडीची हळद कागदावरून कशानेही जात नाही.

वाचून दाखवणं

एवढं एकच करायला वेळ असेल तर हेच करा. रोज दहा मिनिटं, परिपाठानंतर लगेच, नाहीतर शाळा सुटण्याआधी.

पुस्तक आदल्या दिवशी घरी मोठ्याने दोनदा वाचा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे तेव्हाच कळतं. वर्गात खुर्चीवर बसू नका. पाटावर किंवा उलट्या बादलीवर बसा, मुलं समोर खेटून. पुस्तक आपल्या खांद्याशी, पानं मुलांकडे, आणि आपण बाजूने तिरकं वाचायचं. अंगठा चित्रावर येऊ देऊ नका. आधी मुखपृष्ठ दाखवा. लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव वाचा, दोन्ही. महिन्याभरात मुलं "हे त्याच चित्रकाराचं आहे" असं ओळखायला लागतात आणि आपण बघत राहतो.

वाचताना पुस्तकातलीच वाक्यं वाचा. गोष्ट तोंडी सांगणं निराळं, तेही करावं, पण वाचून दाखवताना लिहिलेली भाषा कानावर जायला हवी. प्रत्येक अवघड शब्दाला थांबून अर्थ सांगितला की गोष्ट मरते. दोनच जागी थांबा, पान उलटण्याच्या आधी, आणि विचारा, "आता काय होईल?" उत्तरं येऊ द्या, "बरोबर" किंवा "चूक" म्हणू नका, पान उलटा. पान सांगेलच.

गोष्ट संपली की गप्प बसा. तात्पर्य विचारू नका. "या गोष्टीतून आपण काय शिकलो?" हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते गिळायला सवय करावी लागते. मुलांकडून बहुधा एकच मागणी येते : "बाई, परत." मग परत वाचा, दुसऱ्या दिवशीही. तेच पुस्तक पाचव्यांदा ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात अक्षरांची आणि आवाजाची गाठ पडत असते.

वाचून झालेलं पुस्तक कपाटात ठेवू नका, दोरीवर सगळ्यांत खाली लावा. आमच्याकडे दुसरीतल्या एका मुलीला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. पावसात उड्या मारणाऱ्या बेडकांचं पुस्तक वाचून झाल्यावर तिने ते उचललं, व्हरांड्यात पहिलीच्या चार पोरांना समोर बसवलं, पुस्तक खांद्याशी धरलं आणि मी थांबले होते नेमक्या त्याच दोन जागी थांबत सबंध म्हणून दाखवलं. एका पानावर ती अडली, बोट ओळीवर ठेवलं, पहिलं अक्षर ओठांत पुटपुटली आणि पुढचा शब्द पाठांतरातून काढला. 'ही तर पाठ म्हणतेय' म्हणून अशा मुलाला थांबवू नका. वाचनाची सुरुवात अशीच होते. वाटल्यास त्या अडलेल्या शब्दावर नंतर तिच्यासोबत दोन मिनिटं बसा.

ज्यांची घरची भाषा निराळी

कातकरी, वारली, भिल्ल, कोरकू मुलांना किंवा साखर कारखान्याच्या तळावर पालकांमागे आलेल्या मुलांना पुस्तकातली मराठी दूरची वाटते. त्यांच्यासाठी शब्द नसलेली चित्रपुस्तकं सोन्यासारखी. चित्रावर मूल आपल्या भाषेत बोलतं, बोलू द्यावं. दुसरा उपाय म्हणजे पुस्तक आपणच करायचं. मुलाने त्याच्या भाषेत गोष्ट सांगायची, आजीने सांगितलेली, खेकडे पकडायला गेल्याची, काहीही. तुम्ही ती जशीच्या तशी देवनागरीत उतरवायची, शब्द 'शुद्ध' करायचे नाहीत. चित्रं मुलांनी काढायची. आठ पानं, जाड मुखपृष्ठ, वर लेखकाचं नाव. आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला दाखल क्रमांक द्या, साठा नोंदवहीत चढवा. आपलं पुस्तक दोरीवर टांगलेलं पाहून पालक शाळेच्या दारात येतात, एरवी सभेला बोलावूनही येत नाहीत.

फाटलं तर

फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. म्हणजे तेही दुसऱ्या विषयातून या कामात आलेले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच : पुस्तकं वापरण्यासाठी असतात. तेव्हा फाटलं म्हणून ओरडू नका, ओरडलात की मूल पुढचं पुस्तक घरी नेत नाही.

पातळ पुस्तकांचं पहिलं दुखणं म्हणजे मधली पिन. कोकणात दोन पावसाळ्यांत ती गंजते आणि पान गंजाच्या डागापाशी फाटतं. पिन काढून टाका आणि दोऱ्याने शिवा. मधलं पान उघडून घडीवर तीन भोकं पाडा : एक मधे, एक वर, एक खाली. जाड सुती दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक सोडून सरळ खालच्या भोकातून बाहेर काढा, पुन्हा मधल्या भोकातून आत आणा. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी धरून गाठ मारा. चौथीची मुलं हे दोनदा बघून करतात. पारदर्शक चिकटपट्टी टाळा, वर्षभरात ती पिवळी पडून सुटते आणि छपाई घेऊन जाते. पातळ केलेला फेविकॉल आणि ट्रेसिंग पेपरची पट्टी जास्त टिकते.

पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, खाली दोन विटा. ऊन पडलं की पुस्तकं सावलीत वाऱ्यावर काढा. डांबरगोळ्या नकोत, लहान मुलं त्या हाताळतात, तोंडात घालतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवतात, ठेवा. पण कसर लागत नाही ती मुळात रोज हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकांना.

काही गोष्टी टाळा

किती पुस्तकं वाचली याचा तक्ता भिंतीवर लावू नका. मुलं पातळ पुस्तकं शोधून आकडा वाढवतात, आणि मागे पडलेलं मूल रोज भिंतीवर मागे दिसतं. प्रत्येक पुस्तकावर पाच ओळी लिहून आणायला सांगू नका. त्यापेक्षा शनिवारी कुणीतरी उभं राहून "हे घेऊ नका, कंटाळवाणं आहे" म्हणालं तर ते खरं बोलणं झालं, आणि हमखास तेच पुस्तक बघायला तीन जण धावतात.

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. फोटो पाठवावे लागतात, पाठवा. पण त्या दिवशी मांडलेली पुस्तकं १६ तारखेला परत कपाटात जाऊ देऊ नका.

मे महिन्याची सुट्टी

सुट्टी लागण्याआधी पुस्तकं गोळा करून कुलूप लावायची पद्धत आहे. उलट करा. प्रत्येक मुलाला तीन-तीन पुस्तकं पिशवीत घालून द्या, वाडीतल्या मुलांनी आपसांत बदलून वाचली तर उत्तमच. जूनमध्ये काही परत येणार नाहीत, ती शेऱ्यात लिहा आणि समितीपुढे ठेवा. शेवटच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांची पुस्तकं तेवढी आधी मागून घ्या, पण एखादं राहिलं म्हणून शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तो ताबडतोब द्यावा लागतो, आणि चाळीस रुपयांच्या पुस्तकासाठी पोराचा प्रवेश अडकवणं तसंही शोभत नाही. नव्या शाळेच्या वर्गशिक्षकांना फोन करा. दहातली सहा-सात पुस्तकं तिथून परत येतात.